खेळून दाखव

सुकन्याला बघायला पाहुणे यायचे ठरले की महानंदाचा फोन येतो, आणि मी नांदेडहून लातूरची बस धरतो. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्ता आता बरा झालाय, पण माझी कंबर पहिल्यासारखी राहिलेली नाही. असं किती वेळा गेलो ते मी मोजत नाही. महानंदाही मोजत नसावी, किंवा मोजत असली तरी बोलून दाखवत नाही.

महानंदा माझी पुतणी. भाऊ लवकर गेला, म्हणून ती माझ्याच घरी वाढली. पुढं तिची मुलगी सुकन्या दर उन्हाळ्यात नांदेडला यायची आणि ओसरीवर माझ्यासमोर बसून पाढे म्हणायची. म्हणायची म्हणजे ओठ हलवायची. आवाज इतका बारीक, की मला कानामागं हात धरावा लागे. हुशार होती, पण बोलायची नाही. वर्गात अशी मुलं असतात. त्यांना घाई करून चालत नाही.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे. बी.एस्सी. करून लातुरात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. तिचा बाप राजशेखर, त्याचं गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे बैठकीत मुलीची माहिती सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. शिक्षण इतकं, नोकरी अशी, स्वयंपाक सगळा येतो, स्वभाव शांत, छंद वाचन. पाहुणे मान हलवतात, महानंदानं केलेला चुरमुऱ्यांचा सुशीला खातात, चहा पितात, ‘कळवतो’ म्हणतात. मग कळवत नाहीत. एकाला उंची कमी वाटली, एकाला नोकरी नको होती, असं दुसऱ्यांकडून कानावर आलं; बाकीच्यांना काय वाटलं ते कळलंच नाही. आम्ही सगळेच या कामाला दमलो होतो. दर वेळी तेच चादर-तक्के झटकायचे, तीच माणसं हसून आत घ्यायची.

यात ‘छंद वाचन’ हे खरं नव्हतं. सुकन्या व्हिडिओ गेम खेळते.

मोबाईलवर खेळायचा गेम. शंभर जण एका बेटावर उतरतात, चार-चार जणांच्या टोळ्या करून. बेटाभोवतीचं रिंगण हळूहळू आवळत जातं, आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकते. सुकन्याची टोळी चौघींची. ती स्वतः, नांदेडला नर्सिंग शिकणारी लुंबिनी, एक अर्धापूरची आणि एक देवणीची. स्पर्धांतही उतरतात. एकदा राज्यभरातल्या टोळ्यांमध्ये तिसऱ्या आल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं, कारण घरात कुणी ते सांगण्यासारखं मानत नव्हतं. ती संध्याकाळी लॅबमधून यायची, दार लावून घ्यायची आणि कुजबुजत खेळायची. कुणी विचारलंच, तर ‘टाईमपास हो’ म्हणून हसायची. माणसं तंबाखूबद्दल बोलतात तसं बोलायची त्याबद्दल.

गेल्या दिवाळीनंतर मायलेकी चार दिवस माझ्याकडं नांदेडला आल्या होत्या. तेव्हा एक सिनेमा लागला होता. लहान गावातली एक मुलगी व्हिडिओ गेम खेळत खेळत देशाच्या स्पर्धेपर्यंत जाते, अशी गोष्ट. सुकन्यानं हट्टानं आम्हा दोघांना नेलं. मला त्यातला खेळ अर्धाच कळला, पण मुलीची गोष्ट कळली. एका ठिकाणी गावातला एक मोठा माणूस तिला चारचौघांत विचारतो, तू करतेस तरी काय? ती म्हणते, मी खेळते. एवढंच. त्यावर थिएटरात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या बायकांनी वाजवल्या, महानंदानंही वाजवल्या. सुकन्यानं नाही वाजवल्या. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, शाळेत बक्षिसाला नाव पुकारलेलं मूल बसतं तशी.

बाहेर आलो तर महानंदाचे डोळे ओले. त्या पोरीनं किती सोसलं, किती धीटपणानं बोलली, असं ती सारखं म्हणत होती.

सुकन्या म्हणाली, “आई, मी तेच करते.”

“तेच म्हंजे?”

“त्या पोरीनं केलं ते. तोच खेळ नाही, पण तेच.”

महानंदानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.  घरी ऑटोतून उतरताना तिनं विचारलं, मग तुला कोण टाळ्या वाजवतं? सुकन्या म्हणाली, दाराआड खेळल्यावर कोण वाजवणार.

दुसऱ्या दिवशी मी मुलांची शिकवणी आटोपून हातपाय धूत होतो, तेव्हा ती माझ्याजवळ आली. म्हणाली, “आप्पा, पुढच्या खेपेला पाहुण्यांनी छंद विचारला, तर वाचन सांगू नका. खेळते म्हणून सांगा.”

मी म्हटलं, स्थळ गेलं तर?

तिला लग्न नको होतं असं नाही. ते तिनं मला स्पष्ट सांगितलं. तिला घर हवं होतं, सोबत हवी होती, आणि आईबापांना या रोजच्या काळजीतून सोडवायचं होतं. फक्त, जिथं जायचं तिथं हे लपवून जायचं नव्हतं. एका दाराआडून उठून दुसऱ्या दाराआड जाऊन बसायचं, एवढंच जर लग्न असेल तर कशाला, असं ती म्हणाली. सिनेमा बघेपर्यंत तिला स्वतःलाच ते वाईट सवयीसारखं वाटत होतं. टाळ्या पडल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपण काहीतरी आहोत.

मी म्हटलं, सांगेन.

त्यानंतर जे स्थळ आलं ते नांदेडचंच होतं. मुलगा अमरेश, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. वडील श्रीमंतअप्पा, आडत दुकानातून आता निवृत्त. आई लहानपणीच वारलेली, विधवा आत्यानं, चतुराबाईंनी, सांभाळलेला. मध्यस्थ मलप्पा. हा मलप्पा आमच्या समाजातली निम्मी लग्नं जमवतो आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवतो. तो महानंदाला फोनवर म्हणाला होता, असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही, या वेळी काही कमी-जास्त होऊ देऊ नका.

पाहुणे मोटारीनं येणार होते. मी सकाळच्या बसनं आधी पोचलो. राजशेखर मला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेला. दुकान बंद ठेवून तो घरी थांबला होता, नवा शर्ट घातला होता, पण चेहरा झोप न झालेल्या माणसाचा.

“आप्पा, सुकन्या तुम्हाला काय बोलली ते मला ठावं हाय. आज तेवढं काढू नका.”

मी म्हटलं, मी पोरीला शब्द दिलाय.

“शब्द तुमचा, आन् पोरगी माझी,” तो म्हणाला. मग त्याचा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. टाकीवर हात टेकून तो हळू आवाजात म्हणाला, “मी लई दमलोय आप्पा. एवढं पार पडू द्या.”

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, आपणहून काढणार नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही. 

पाहुणे वेळेवर आले. शरणु शरणार्थ म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं, मलप्पानं दोन्ही घरांची एकमेकांना ठाऊक असलेली ओळख पुन्हा करून दिली. श्रीमंतअप्पा भला माणूस दिसला, कमी बोलणारा. अमरेश त्याच्याहून कमी. चतुराबाई मात्र आल्या आल्या महानंदाच्या स्वयंपाकघरात डोकावून, देव्हारा बघून, सुशील्यात शेंगदाणे कच्चे राहिले नाहीत याची खात्री करून मग बसल्या. देगलूरकडचा त्यांचा बोलण्याचा ठसका होता. सुकन्या आली, नमस्कार करून समोरच्या खुर्चीवर बसली. डोक्यावरून पदर. मी माहिती सांगितली. आणि मी थांबलो, तेव्हा चतुराबाईंनी विचारलंच.

“छंद काय हाय पोरीला?”

राजशेखर वर पंख्याकडं बघू लागला. महानंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तशीच राहिली. मी सांगितलं, ती व्हिडिओ गेम खेळते. टोळी आहे चौघींची, स्पर्धेत खेळतात, राज्यात तिसऱ्या आल्या होत्या.

 मग श्रीमंतअप्पांनी जपून विचारलं, रम्मीसारखं काही नाही ना? त्यांच्या भावकीतल्या एका मुलाचं त्या रम्मीपायी वाटोळं झालं होतं. मी म्हटलं, तसलं नाही, पैसा लावायचा खेळ नाही हा. मलप्पा घाईघाईनं म्हणाला, “आप्पांना म्हणायचंय, पोरीला कॉम्प्युटरचं ज्ञान हाय.”

“मला तसं म्हणायचं नाही,” मी म्हटलं.

चतुराबाईंनी एकदम मांडीवर हात मारला. “त्यो सिनेमा आलता बगा दिवाळीत, त्यातली पोरगी खेळते तसलं का?”

सुकन्या म्हणाली, “हाव. तसलंच.”

“आगं, रडले की मी त्यात. ह्याला विचार,” असं म्हणून त्यांनी अमरेशकडं बोट केलं. “नाक पुसायला ह्याचा रुमाल घेतला.” मग खुर्चीत पुढं सरकून म्हणाल्या, “मग खेळून दाखीव की.”

खोलीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पूर्वी बघायच्या कार्यक्रमात गाणं म्हणायला लावायचे, सुई ओवायला लावायचे, सही करायला लावायचे. ते आता मागं पडलंय. पण चतुराबाईंच्या मते त्यात काही वावगं नव्हतं. त्यांना स्वतःला सासऱ्यानं परातभर गहू निवडायला बसवलं होतं, पोरीची नजर कशी आहे ते बघायला. येतंय ते दाखवायला लाज कसली, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा होती की कौतुक, ते मला कळलं नाही. त्यांनाही तेव्हा कळलं नसावं.

सुकन्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. मग ती म्हणाली, “दाखवते. पण अर्धा तास लागतो. मधीच उठता येत न्हाई.”

“आमाला कुठं रेल्वे गाठायचीय,” चतुराबाई म्हणाल्या.

राजशेखर उठला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. पाणी तर समोरच होतं.

सुकन्या आतून फोन घेऊन आली, खुर्ची सोडून चटईवर मांडी घालून बसली, पदर कमरेला खोचला. रविवार होता, बाकीच्या तिघी घरीच होत्या. ती कानात वायर घालायला लागली तर चतुराबाई म्हणाल्या, आमाला ऐकू येऊ दे की. तिनं स्पीकर लावला. लगेच लुंबिनीचा आवाज खोलीभर झाला.

“कुठं मेली होतीस गं? पाव्हण्यांनी पसंत केलं का हाकललं?”

“स्पीकरवर हाय,” सुकन्या म्हणाली.

पलीकडं कुणीतरी घसा साफ केला. मग एकदम मऊ आवाजात, “नमस्कार सगळ्यांना.”

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अमरेशही हसला. त्या दुपारी तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

खेळ सुरू झाला. सुरुवातीला काहीच होत नव्हतं. चौघी मोकळ्या घरांतून फिरत होत्या, काहीबाही उचलत होत्या. चतुराबाई वाकून विचारत होत्या, ह्यातली तू कुठली? ती पांढऱ्या टोपीतली. आन् ही पोरगी कोण? ती देवणीची, नवी आहे. मग पळ की, उभी काय राहिलीस? पळायचं नसतंय आत्या, ऐकायचं असतंय. सुकन्या त्यांना आत्या म्हणाली, सहज. मलप्पानं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या.

मग रिंगण आवळायला लागलं, आणि मला सुकन्याचा आवाज ऐकू आला. मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. चढा नव्हता, ओरडणं तर नव्हतंच. पण भिंतीपर्यंत जाईल असा. लुंबिनी, डावीकडं थांब. दोन आहेत झाडामागं. थांब, थांब म्हटलं ना. आता जा. अर्धापूरच्या पोरीला ती एका शब्दात सांगत होती, कारण तिला एक शब्द पुरत होता. देवणीच्या पोरीशी ती वेगळं बोलत होती. ती पोरगी घाबरून भलतीकडं पळायची, आणि सुकन्या तिला रागवायची नाही. घर दिसलं का? त्याच्या दारापर्यंत जा. गेलीस? आता खिडकी बघ. एका वेळी एकच गोष्ट. मागं पडलेल्या मुलाला गणित असंच शिकवावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

राजशेखर केव्हातरी परत येऊन दारात उभा राहिला होता. श्रीमंतअप्पांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. महानंदाचा चहा ट्रेमध्येच गार झाला.

शेवटी दोनच टोळ्या उरल्या. आता रिंगण इतकं लहान झालं होतं, की मलाही सगळं दिसत होतं. एक खडक, थोडं गवत, एक मोडकी जीप. देवणीची पोरगी जीपजवळ गोळी लागून पडली. पडलेल्याला कुणी वेळेवर जाऊन उठवलं तर तो पुन्हा खेळतो, नाहीतर संपला. लुंबिनी ओरडली, राहू दे तिला, खडकामागं ये, जिंकतो आपण. सुकन्या म्हणाली, नाही. आणि ती मागं वळली, वाकून जीपपर्यंत गेली, त्या पोरीला उठवायला बसली. ती अर्धी उठली असेल नसेल, तोवर दोघीही पडल्या. मागून लुंबिनी, मग अर्धापूरची.

पडद्यावर दोनचा आकडा आला.

“हारली की पोरगी,” चतुराबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

फोनमधून हुंदका ऐकू येत होता. सुकन्या म्हणाली, “रडू नको. तुझी जागा बरोबर होती. आडोशाचा धूर सोडायला उशीर केलास, एवढंच. उद्या तेवढंच करू दोघी.” मग तिनं फोन बंद केला, कपाळावरचा घाम पुसला, कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला आणि उठून परत खुर्चीवर बसली.

“शंभरात दुसरा नंबर म्हंजे मेरिटच म्हणा की,” मलप्पा म्हणाला.  महानंदानं नवा चहा टाकला.

चहा झाल्यावर श्रीमंतअप्पा घसा खाकरून म्हणाले, की पोरगी हुशार आहे, हे दिसलं. आवडलं त्यांना. फक्त एक होतं. त्यांच्याकडं येणारं-जाणारं फार, समाजाच्या बैठका घरीच होतात. लग्नानंतर हे बंद करावं लागेल. ते हे चांगल्या शब्दांत बोलले. मागायचं म्हणून मागितलं, धमकावलं नाही.

राजशेखर लगेच म्हणाला, “होय होय, ते काय—”

“बाबा,” सुकन्या म्हणाली. मग श्रीमंतअप्पांकडं वळून, “घरचं सगळं करीन मी. नोकरी हाय, ती सांभाळून वेळ ठरवून घेईन. पाहुणे असले की नाही बसणार. पण बंद न्हाई करणार.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी खेळाडू हाय.”

तेवढं वाक्य मात्र तिच्या जुन्या, बारीक आवाजात आलं. मला ऐकायला वाकावं लागलं नाही, कारण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

अमरेशनं तिच्याकडं पाहिलं आणि मग बापाकडं. श्रीमंतअप्पा हात जोडून उठले. “कळवतो,” म्हणाले.

मोटारीत एक जागा होती. तुम्हीही नांदेडलाच जाणार, बसनं कशाला हाल करता, असं म्हणून त्यांनी मला आग्रहानं बसवलं. नाही म्हणायला जोर नव्हता. निघताना महानंदा दारात उभी होती. तिला मी हात केला. काय सांगणार होतो.

अमरेश गाडी चालवत होता. मी त्याच्या शेजारी. चाकूर गेलं. ऊन तिरपं झालं होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली मोकळी रानं. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, “मजा आली बगा गुरुजी. खोटं कशाला बोलू.” मग बशीत चहा ओतत, थोड्या वेळानं, “पण सिनेमात बघायला बरं वाटतंय. ती परक्याची पोर असते. तिथं रडून घरी येता येतंय.”

मी म्हटलं, तुम्हीच खेळून दाखव म्हणालात.

“म्हणाले की,” त्या म्हणाल्या. “मला काय ठावं, इतकं चांगलं खेळंल.”

ते त्या कुचेष्टेनं बोलल्या नव्हत्या. वाईट खेळली असती तर हसून सोडून दिलं असतं, पोरखेळ म्हणून घरात चाललं असतं. तिच्यातलं ते बळ बघून त्या बिचकल्या होत्या. त्यांनी बशी संपवली आणि पदरानं ओठ टिपले.

पुढं लोह्याच्या अलीकडं मागचे दोघं पेंगले होते. अमरेशनं पुढं बघतच मला विचारलं, “ती मागं का गेली? खडकामागं गेली असती तर जिंकली असती.”

“तिलाच विचारायचं होतंस.”

“तिथं कसं विचारणार. बाबा होते.”

तो वाईट मुलगा नव्हता. आयुष्यभर मी अशी मुलं शिकवली आहेत. उत्तर माहीत असतं, पण हात वर करत नाहीत. लहानपणी त्यांना थोडा वेळ दिला की करतात. तिशीच्या माणसाला काय वेळ देणार. मी डोळे मिटून घेतले.

नांदेडला माझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, तेव्हा श्रीमंतअप्पा माझ्याबरोबर खाली उतरले. म्हणाले, मलप्पाकडून निरोप पाठवणं बरं दिसत नाही, गुरुजी, तुम्हीच सांगा त्यांना. पोरगी गुणाची आहे, पण आमच्यानं नाही पेलायचं. मी म्हटलं, सांगतो. ‘कळवतो’ म्हणून कळवणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. मी त्यांचे हात हातात घेतले.

घरी येऊन हातपाय धुतले, कॉटवर टेकलो. फोन करायला हात उचलेना. राजशेखर टाकीजवळ कसा उभा होता ते आठवत होतं, आणि सुकन्याला काय वाटेल याचा विचार येत होता. सिनेमातल्या मुलीनं ‘मी खेळते’ म्हटल्यावर टाळ्या पडल्या होत्या. हिनं म्हटल्यावर लोक चपला शोधायला लागले होते. मी शब्द पाळला होता, पण त्यानं तिला काय दिलं, ते मला सांगता आलं नसतं.

शेवटी फोन लावला. महानंदानंच उचलला. मी सुरुवात करणार तर ती म्हणाली, “नाही म्हणाले ना आप्पा? मला ते इथंच कळलं.”

मी श्रीमंतअप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं ऐकून घेतले. म्हणाली, चांगला माणूस आहे. मग तिनं सांगितलं, की आमची गाडी गेल्यावर मलप्पा मागं थांबला होता. तो रागावला होता. म्हणत होता, उदगीरचं एक स्थळ हातात आहे, पण या वेळी तोंडाला कुलूप लावा, आप्पांना बोलवूच नका.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, मलप्पा, तुम्ही आधीच सांगून टाका त्यांना. पोरगी गेम खेळते, चांगली खेळते, आन् सोडणार न्हाई. पसंत असंल तर या म्हणावं. न्हाईतर उगं पेट्रोल जाळू नका, आन् मीबी उगं सुशीला करणार न्हाई.”

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. दिवसभर उभी राहिलेली बाई जशी बोलते, तशी बोलत होती.

मी विचारलं, सुकन्या कशी आहे? म्हणाली, आल्यागेल्याची भांडी घासत होती, मग थोडं रडली, आता त्या देवणीच्या पोरीचा फोन आलाय, बाहेर ओट्यावर बसून बोलतेय.

“आणि राजशेखर?”

“ते जेवायलाच उठंनात. ताट वाढून ठेवलं तसंच. कुणाशी बोलंनात.” ती थांबली. “मग बऱ्याच वेळानं मलाच विचारलं, दुसरा नंबर म्हंजे किती टोळ्यांत? मी म्हटलं, मला काय ठावं, तिला विचारा. तर ओट्यावर गेले.”

“विचारलं?”

“हाव. पंचवीस म्हणाली ती.”

“मग?”

“मग काय,” महानंदा म्हणाली, “आत येऊन जेवायला बसले.”